शहाड फाटक, वगैरे

फाटक. हे आता नाही. रुळांवरून पूल गेला तेव्हा फाटक गेलं, गेटमनची केबिन गेली, फाटक पडल्यावरही इंजिन बंद न करणारे ट्रकवाले गेले. नाव राहिलं. ‘शहाड फाटकला सोडा’ म्हटलं की रिक्षावाला मान हलवतो. त्याचा जन्म फाटकानंतरचा, पण जागा त्याला ठाऊक. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, कुरिअरच्या पाकिटांवर फाटक शाबूत आहे. कल्याणहून वाशिंदकडे रेल्वे गेली १८५५ साली. तेव्हापासून मुरबाडच्या रस्त्यानं आगगाडीसाठी थांबायचं हे ठरून गेलं असणार. फाटक पडलं की भाजीवाल्या बाया टोपल्या उतरवून घ्यायच्या, सायकलवाले एक पाय खाली टेकायचे, आणि रुळांच्या अलीकडची माणसं पलीकडच्यांना ओरडून विचारायची, ‘तुमच्याकडं पाणी आलं का?’ गाडी मधून जायची. उत्तर गाडीनंतर.

हद्द. गेलेल्या गोष्टींत हिची नोंद उगाच; ही कुठं जायची नाही. थोडं शहाड कल्याण-डोंबिवली महापालिकेत, थोडं उल्हासनगर महापालिकेत. सेंच्युरी रेयॉनचा पत्ता शहाड, पिनकोड ४२११०३, आणि महापालिका उल्हासनगरची. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. १९९६ ला उल्हासनगरचीही झाली. मधल्या पट्ट्यात आम्ही. परगावच्या माणसाला ‘तुमचं शहाड नेमकं कुठं येतं?’ याचं उत्तर एका वाक्यात देणारा शहाडकर मी अजून पाहिलेला नाही.

वार. म्हणजे पाणी बंद असण्याचा वार. आमचा वेगळा, पुलाच्या त्या अंगाला राहणाऱ्या आत्याचा वेगळा. आमच्या वाराला आम्ही दोन कळश्या आणि एक हंडा घेऊन आत्याकडं जायचो. तिच्या वाराला ती आणि आतेबहीण आमच्याकडं यायच्या. यात हिशेब नव्हता, पण चहा असायचा, आणि गेल्या आठवड्यात कोण किती बोललं त्याचा हिशेब चहावर व्हायचा. आतेबहिणीसाठी स्थळ आमच्या काकाला अशाच एका वारी सुचलं. आता दोन्ही घरांच्या सोसायट्यांत जमिनीखाली टाक्या आहेत, वर टाक्या आहेत, मोटार आहे. बंद वार आला कधी आणि गेला कधी कळत नाही. मागच्या दिवाळीत आत्याला भेटलो ते वर्षानं.

जकात नाका. हद्द म्हटली की नाका आला. आडवा बांबू, एका टोकाला बांधलेला दगड, पत्र्याची शेड, टेबलावर कार्बन घातलेलं पावतीपुस्तक, आणि रात्री कंदिलासारखा पेटलेला एकच पिवळा दिवा. मुरबाडहून मामा एसटीतून तांदळाचं पोतं आणायचा. घरचा तांदूळ, त्याला कोण जकात मागणार? तरी नाका जवळ आला की मामा पोत्यावर बसायचा आणि चेहरा असा करायचा की न विचारणाऱ्यानंही विचारावं.

जकातीमागून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तीही माफ झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि उरलंसुरलं पुसलं गेलं. वेशीवर गोळा होणारा पैसा आता मुंबईहून भरपाईचा हप्ता म्हणून येतो. कर गेल्याचं दुःख करण्याइतका मी भोळा नाही. पण गावाला स्वतःची कमाई असते हे आम्हाला पोरवयात त्या बांबूमुळं दिसत होतं.

दवंडी. मी ऐकलेली नाही. वडिलांनी ऐकली होती. त्यांच्या सांगण्यात ती नेहमी अर्धवटच यायची, ‘ऐका हो ऐका’पर्यंत, पुढं काय ऐकायचं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं.

फळा. यावर थोडं थांबावं लागेल.

चौकात शाखेच्या भिंतीला एक काळा फळा ठोकलेला होता. वर पत्र्याची छोटी पडवी, पावसाचे शिंतोडे अडवायला. वरच्या पट्टीत पिवळ्या खडूनं सुविचार, त्याखाली पांढऱ्या खडूनं बातमी. लिहिणारे एक कंपनीतले गृहस्थ होते, तिसऱ्या पाळीहून सुटून घरी जायच्या आधी लिहायचे. झोपेनं डोळे लाल, पण अक्षर असं की शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. ‘उद्या मंगळवार. पाणी येणार नाही.’ ‘रविवारी पोलिओचा डोस. बाळाला घेऊन यावे.’ ‘रेशनकार्ड सापडले आहे. ओळख पटवून न्यावे.’ ‘दुःखद निधन. अंत्ययात्रा दुपारी ४ वा. राहत्या घरून.’ दहावीचा निकाल लागला की पहिल्या तिघांची नावं टक्क्यांसकट, आणि मग दोन दिवस फळ्यापुढं त्या तिघांच्या आया जरा जास्त वेळा बाजारात.

फळ्याचा एक नियम होता, तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता. जागा कमी, म्हणून जुनं पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नसे. मयताची बातमी पुसून त्यावर रक्तदान शिबिर यायचं. ओल्या फडक्यानं पुसलेलं वाळेपर्यंत त्यातून जुनी अक्षरं दिसत राहायची. एकदा एका आजोबांच्या निधनावर लगेच हळदीकुंकवाचं आमंत्रण लिहिलं गेलं आणि दुपारच्या उन्हात दोन्ही बातम्या एकात एक वाचता येत होत्या. त्यांच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. आजोबा स्वतःच फळ्याचे नेमानं वाचक होते.

आता सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, प्रभागाचा आहे, ‘जागरूक शहाडकर’ छापाचे तीन-चार आहेत. बातमी फळ्यापेक्षा लवकर येते हे खरं, आणि घरबसल्या येते हेही. फक्त तिथं कोणी काही पुसत नाही. परवा संध्याकाळी निरोप आला : ‘तातडीची सूचना. उद्या पाणीपुरवठा पूर्ण बंद.’ मी दोन पिंपं, सगळे डबे, कुकर, दुधाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलं. सकाळी नळ धो धो. निरोप मागच्या वर्षीचा निघाला. कोणीतरी कोणालातरी पाठवलेला, फिरत फिरत आमच्याकडं आलेला. ‘उद्या’ला तारीख नव्हती. फळ्यावरही तारीख नसायची, पण फळ्यावरचा ‘उद्या’ आजच्या खडूचा असायचा.

फळा अजून आहे. त्यावर फ्लेक्स ठोकलेला असतो, वाढदिवसाचा.

रिक्षावरचा कर्णा. टपाला बांधलेला भोंग्याच्या आकाराचा कर्णा, आत एक माणूस आणि मायक्रोफोन. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ इथपर्यंत रिक्षा आमच्या गल्लीत असायची, पुढचं ती वळून गेल्यावर शेजारच्या गल्लीला कळायचं. म्हणून शेजारच्या गल्लीत जाऊन विचारावं लागे, ‘काय कळविण्यात आलं?’ आता रिक्षा येते निवडणुकीला, आणि आवाज रेकॉर्ड केलेला.

भोंगा. इथली खरी महापालिका बराच काळ कंपन्याच होत्या. सेंच्युरीचं हायस्कूल, सेंच्युरीचं हॉस्पिटल, आणि बिर्ला मंदिर म्हणून ओळखलं जाणारं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ. आषाढीला पंढरपूर गाठता न आलेली माणसं कल्याणपासून अंबरनाथपर्यंतची इथं लोटतात. मोहन्याला एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, तिची वसाहत, तिची शाळा. पाळीचा भोंगा झाला की आई तांदूळ धुवायला घ्यायची. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते भोंग्याला लावायचं, भोंगा घड्याळाला नाही. शाळेत मास्तर फळ्याकडं तोंड करून असले तरी भोंग्याबरोबर आमची दप्तरं आवळली जायची.

नोव्हेंबर २००९ ला एनआरसी बंद झाली. हजारो कामगारांची देणी अडकली, ती वर्षानुवर्षं अडकून राहिली. वसाहतीतली घरं एकेक करून रिकामी होत गेली. बंद पडल्याची बातमी पेपरात आली त्याच्या आधी आईला कळली होती, कारण त्या दिवशी भात उशिरा झाला.

भारनियमनाचं वेळापत्रक. पेपरातून कापून फ्रिजच्या दाराला चिकटवायचं कात्रण. ६ जून २००५ ला वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, लोक अजून ‘एमएसईबी’च म्हणतात. त्या आसपासची वर्षं अंधाराची. गळती आणि वसुली बघून भागांचे गट पाडले होते, अ, ब, क, ड करत. ज्याची गळती जास्त त्याला अंधार जास्त. आपल्या गल्लीचा गट कोणता यावर आपली लायकी ठरत असल्यासारखं वाटायचं. माझा मित्र वरच्या गटातला. तो आमच्याकडं आला आणि दिवे गेले की ‘तुमच्याकडं असं होतं का?’ असं विचारायचा, लंडनहून आल्यासारखा. वेळापत्रक गेलं याचा आनंदच आहे. आता वीज जाते ती न सांगता जाते, एवढंच.

भिंतीवरचा शिक्का. गेरूच्या रंगाचा, पत्र्याची जाळी भिंतीला लावून ब्रश फिरवून काढलेला. चौकटीत तारखा, त्यापुढं आद्याक्षरं. हिवतापाचा कर्मचारी येऊन गेल्याची ही पावती. तो दारात उभा राहून ‘कोणाला ताप?’ विचारायचा, असला तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. आम्ही ताप लपवायचो. त्याच भिंतींवर एकेकाळी देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस रंगवलेलं होतं. देवी गेल्या तरी अक्षरं कितीतरी वर्षं होती आणि हजार रुपये मिळवायला एक तरी रोगी सापडावा अशी आमची फार इच्छा होती. भिंती आता टाइल्सच्या. टाइल्सवर गेरू टिकत नाही.

रॉकेलचं नरसाळं. रेशनचं रॉकेल गेलं तसं तेही. कोणाच्या तरी पोटमाळ्यावर असेल.

रेशनकार्ड. १ मे १९९९ पासून तीन रंगांची झाली : पिवळं, केशरी, पांढरं. त्याआधी कार्डाला रंग नव्हता, माणसांना होता. कार्ड मेणकापडाच्या पिशवीत, पिशवी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. धान्य महिन्यातून एकदा, पण कार्ड महिनाभर लागायचं : गॅसला, फोनला, शाळेला, पासपोर्टला. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, मुलं वयासकट. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं नाव कमी करून दाखला आणायचा, तो सासरच्या कार्डात नाव चढवायला. माझ्या बहिणीचं नाव आमच्या कार्डावर निळ्या शाईच्या एका आडव्या रेघेखाली अजून वाचता येतं. वडिलांच्या नावावरची रेघ मी मारून घ्यायला गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी कार्ड घेतलं, मृत्यूचा दाखला वाचला, पट्टी शोधली, सापडली नाही, मग वहीच्या कडेनं रेघ मारली. सरळ आली. ‘अजून कोणाचं?’ म्हणाल्या. नाही म्हटलं. आता ई-शिधापत्रिका मिळते, अंगठा यंत्रावर टेकवायचा. नाव कमी झालं की ते तिथं नसतंच.

सत्यप्रत. झेरॉक्सवर हिरव्या शाईची सही आणि गोल शिक्का. मूळ कागद खरा आहे हे सांगायला राजपत्रित अधिकारी लागायचा, आणि शहाडात राजपत्रित अधिकारी शोधणं हे एक वेगळंच काम होतं. कोणीतरी सांगायचं, अमक्या कॉलेजातले प्राध्यापक करतात. कोणी म्हणे, डॉक्टर करतात पण सरकारी पाहिजेत. एक साहेब सकाळी फिरून आल्यावर, आंघोळीआधी, साडेसात ते आठ या वेळात करायचे. दारात तेरा-चौदा पोरं फायली धरून. ते मूळ कागद उघडूनही बघत नसत, पण मार्कांची बेरीज बघत आणि ‘गणितात एवढेच?’ म्हणत. २०१५ पासून राज्यात आपली सही आपणच करायची, स्वसाक्षांकन. माझा मी खरा आहे असं आता मीच लिहून देतो.

तार, १४ जुलै २०१३ पर्यंत. रजिस्टर पोस्ट, २०२५ ला स्पीड पोस्टात विलीन. पिवळा-काळा एसटीडी-पीसीओ, तारीख कोणाला माहीत नाही.

जन्माची वही. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर, कापडी बांधणीची, पानं कडेला पिवळी. माझी नोंद शोधायला मी तीसेक वर्षांनी एका कार्यालयात गेलो होतो, ते कोणतं हे महत्त्वाचं नाही. कारकुनानं वर्ष विचारलं, स्टुलावर चढून वही काढली, धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली. बोट ओळीवरून खाली जात होतं. मला माझ्या आधी जन्मलेली पोरं दिसत होती : कोणाचा बाप ‘नोकरी’, कोणाचा ‘शेती’, कोणाचा ‘हमाली’. एका पानावर लागोपाठ चार मुली आणि चौघींच्या नावाचा रकाना रिकामा. मग मी. माझ्या नावात एक काना जास्त पडला होता. आईच्या वयाच्या रकान्यात खाडाखोड. आधी एकोणीस लिहून वीस केलेलं. आईला हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, ‘एकोणीसच.’

तो जास्तीचा काना काढायला मला तीन खेपा आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळेपासून पासपोर्टपर्यंतचा मुख्य पुरावा झाला आहे, नोंदी संगणकात आहेत, दाखल्यावर चौकोनी कोड आहे. भाच्याच्या मुलीचा दाखला मोबाइलवर आला. स्वच्छ आहे. तिच्या आधी आणि नंतर कोण जन्मलं ते त्यावर नाही.

नागरी सुविधा केंद्राला इथं नावं ठेवू नयेत. या शतकाच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेनं संगणकावर कारभार आणला तेव्हा राज्यातल्या इतर पालिका तो बघायला यायच्या, पुढं तोच नमुना राज्यभर गेला. टोकन घ्या, बसा, आकडा लागला की खिडकीशी जा. ज्यानं त्याआधीच्या रांगा पाहिल्या आहेत त्याला ते टोकन सोन्याचं वाटलं. आता टोकनही जाईल. मालमत्ता कर मी फोनवरून भरतो. केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसलेली असतात, ज्यांची मुलं पुण्याला किंवा दुबईला आहेत.

घंटागाडीतली घंटा. गाडी आहे, घंटा नाही. पूर्वी मागच्या दांड्याला पितळेची घंटा आणि ती वाजवणारा एक पोरगा. आता ठरलेलं गाणं. २५ मे २०२० ला कल्याण-डोंबिवलीत शून्य कचरा मोहीम सुरू झाली, त्यात रस्त्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या. हिरवी, लोखंडी, एका बाजूनं गंजलेली कुंडी गेली. ‘कुंडीच्या पलीकडची बिल्डिंग’ हा पत्ताही गेला. त्या जागी लोकांनी काही महिने सवयीनं पिशव्या टाकल्या. मग कोणी तिथं तुळशीची कुंडी आणून ठेवली, आणि आता तिथं छोटंसं देऊळ आहे. आधारवाडीचं डम्पिंग २०२१ ला बंद झालं. उन्हाळ्यात ते पेटायचं तेव्हाचा वास माझ्या जुन्या लोकरी शालीत अजून येतो असं बायको म्हणते. मला येत नाही.

हजेरी शेड. पहाटे सहाच्या आधी मुकादम नावं पुकारायचा आणि अंधारातून ‘हाय’, ‘हाय’ असे आवाज यायचे. झाडू भिंतीला उभे, बिड्यांची टोकं लाल. आता चेहरा दाखवून हजेरी. यात खाडे लपवणाऱ्यांची पंचाईत झाली हे बरंच झालं. मुकादमाला मात्र विचारलं तर तो म्हणतो, पुकारल्यावर आवाजावरून कळायचं कोण आजारी आहे.

नगरसेवकाची बैठक. सकाळी नऊ ते अकरा. तळमजल्यावरची खोली, सहा खुर्च्या, भिंतीला महाराजांची आणि बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर लेटरहेडचं पॅड आणि शाईचा डबा. रहिवासी असल्याचं पत्र, शाळेत प्रवेशासाठी पत्र, हॉस्पिटलात बिलात सवलतीसाठी पत्र. पत्रांचा मजकूर एकच, ‘मी यांना ओळखतो’. खरंच ओळखायचे. माझ्या आजीच्या गुडघ्याची चौकशी त्यांनी तीन निवडणुका केली.

नोव्हेंबर २०२० ला कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले, आणि पाच वर्षांहून जास्त काळ सगळे नगरसेवक माजी होते. पाट्या रंगवणाऱ्याला त्या वर्षी चांगलं काम मिळालं असेल, ‘नगरसेवक’च्या आधी दोन अक्षरं बसवायची. काहींच्या पाटीवर जागा नव्हती, त्यांनी ‘मा.’ लिहिलं. ते माजीचं ‘मा.’ की माननीयचं, हे वाचणाऱ्यावर सोडलं. लोक बैठकीला जातच राहिले. माजी असले तरी त्यांच्याकडं इंजिनिअरचा नंबर होता.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. जागा पूर्वीइतक्याच, १२२. पण २०१५ ला १२२ प्रभागांचे १२२ नगरसेवक होते, आता एकतीस पॅनेल, बहुतेक ठिकाणी चौघे मिळून एक प्रभाग. पलीकडं उल्हासनगरातही तसंच : ७८ जागा, २० पॅनेल. एका घराला चार नगरसेवक म्हणजे भाग्यच. गटाराचं झाकण तुटलं तर कोणाकडं जायचं, हे मी शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चौघांनाही मेसेज टाक, जो आधी अंगठा दाखवील तो आपला.

नाव. हे शहाडचं एकच निर्यातीचं उत्पादन. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची पाणी कंपनी आहे, स्टेम. म्हणजे शहाड-टेमघर. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचं, भिवंडीजवळ टेमघरला शुद्ध करायचं, पुढं पाठवायचं. ठाण्यातल्या माणसाला शहाड ठाऊक असतं ते पेपरातल्या चौकटीपुरतं : शहाड येथे दुरुस्ती, ठाण्यात अमुक तास पाणी बंद. मीरा रोडला राहणारी माझी मेहुणी तशी चौकट आली की फोन करते आणि ‘काय चाललंय तुमच्याकडं?’ म्हणते, जणू मीच पाना घेऊन बसलोय. नदीवर दरसाल जलपर्णी साचते, हिरवीगार, दुरून क्रिकेटचं मैदान वाटावं अशी. मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी उभं राहिलं की पाणी दिसतच नाही, नुसता खालून वाहण्याचा आवाज.

आता शेवटची नोंद, चावी.

सार्वजनिक नळाचं कोंडाळं गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. कोंडाळ्यावरची भांडणं, रात्री तीनला लावलेल्या कळश्यांच्या रांगा, कळशीच्या जागी विटेचा तुकडा ठेवून राखलेला नंबर. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे आणि बहुतेकांनी त्या भांडणांत प्रेम पाहिलं आहे. मी त्या रांगेत उभा राहिलोय. प्रेम नव्हतं.

पण चावीवाला होता. कागदोपत्री व्हॉल्व्हमन. सायकलच्या दांड्याला उभी बांधलेली लोखंडी चावी, छातीपर्यंत उंच, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. तो आला की पोरं मागं. पहारीच्या टोकानं चेंबरचं झाकण उचकटायचा, झाकण बाजूला सरकवताना रस्त्यावर घासून आवाज व्हायचा, आत वाकून बघायचा, कधी साप निघालेला असायचा म्हणून आधी दोन खडे टाकायचा. मग चावी आत सोडून खोबण बसेपर्यंत अंदाजानं फिरवायचा. ‘टक’ असा आवाज आला की बसली. दोन्ही हातांनी आडवा दांडा धरून त्याच्याभोवती गोल चालायचा, बैल घाण्याभोवती फिरतो तसा, आणि मोठ्यानं आटे मोजायचा. आमच्या गल्लीला सतरा आटे. पुढच्या गल्लीला चौदा, ती उतारावर होती. आम्हीही मोजायचो. सतराव्याला तो थांबायचा, पायानं जमीन दाबून उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘आली.’ घराघरांतले नळ आधी खाकरायचे, हवा टाकायचे, तांबूस पाण्याची एक चूळ भरायचे, मग धार लागायची.

एकदा मी त्याला विचारलं होतं, अठरावा आटा दिला तर? तो म्हणाला, ‘मग खालच्या आळीत कोणाच्यातरी घरात आंघोळ राहील.’ कोणत्या व्हॉल्व्हला किती आटे हे त्याच्या डोक्यात होतं. नकाशा कार्यालयात होता, पण नवीन इंजिनिअर आले की नकाशा घेऊन त्याच्याकडं यायचे.

तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोहन्याच्या रस्त्याला मुलाकडं राहतो. हे सगळं लिहायला घेतल्यावर त्याच्याकडं गेलो. कान कमी झालेत, हात अजून जाड आहेत. सतरा आट्यांचं सांगितलं तर म्हणाला, सतरा नाही, साडेसतरा. अर्धा तुम्हा पोरांना कळायचा नाही. चावी कुठाय विचारलं. वाटलं होतं, कोपऱ्यात उभी असेल, फोटो तरी काढू.

‘जमा केली,’ म्हणाला. उठला, कपाटातून पाकीट काढलं. आत पेन्शनचे कागद, बायकोचा पासपोर्ट आकाराचा फोटो, आणि घडीवर फाटायला आलेली एक पावती. त्यानं ती मांडीवर पसरून तळव्यानं सपाट केली. तारीख, शिक्का, सही. मधल्या रकान्यात गोल अक्षरात लिहिलेलं : लोखंडी चावी, नग १, चालू स्थितीत.